भिंतीची बाजू

लोक मला भिंत म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या जोडीचं नावच 'भिंत-भिंगरी' आहे, आणि पाटीवर भिंत आधी लिहिलंय, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम दाखवते. भिंगरी म्हणजे माझी नणंद. रंगमंचावर ती बोलते, गिरक्या घेते, घसरते, रडते आणि लोक पोट धरून हसतात. मी काउंटरमागे ताठ उभी असते आणि हसत नाही. एवढंच काय ते माझं काम, असं ज्याला वाटतं त्याने एकदा माझ्या जागी उभं राहून दाखवावं. एकीने ते करून बघितलं. तेच सांगायला बसले आहे.

आमचं नाट्यगृह म्हणजे रंगाच्या दुकानावरचा एक हॉल. जिना चढताना टर्पेंटाइनचा वास येतो, त्यामुळे पहिल्यांदा येणारे लोक नाकाला रुमाल लावून वर येतात. एक खुर्ची दुसरीशी जुळत नाही, कारण जिथे जिथे काही बंद पडलं तिथून मालकाने त्या उचलून आणल्यात. मागे लाकडी माळ्यावर माझा नवरा बसतो. दिवसा तो पंखे दुरुस्त करतो, संध्याकाळी आमचे दिवे सांभाळतो. भिंगरी त्याची सख्खी धाकटी बहीण. त्यामुळे आम्हा दोघींचं वाजलं की तो कुणाचीच बाजू घेत नाही. "मला दिवे बघू दे," म्हणतो आणि माळा चढतो. भर दुपारी, सगळे दिवे बंद असतानासुद्धा.

आमची जोडी जमली ती स्वयंपाकघरात. भिंगरीने माझी छत्री नेली, हरवली आणि वर मलाच विचारत बसली की ती नेमकी कशी होती. मी एक शब्द विचारायची, ती दहा बोलायची. नवरा दारात उभा राहून इतका हसला की त्याला जमिनीवर बसावं लागलं. तेच भांडण आम्ही उचलून रंगमंचावर नेलं. मी झाले हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवरची बाई, ती झाली छत्री शोधायला आलेली बाई. मी विचारते, "छत्रीचा रंग?" ती म्हणते, "ओली असताना की कोरडी?" आणि मी शिक्का उचलते.

हा शिक्का नीट समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावर आहे. नवऱ्याने तो एका दाराच्या जुन्या लाकडी मुठीचा केलाय आणि खाली बुटाचा तळवा ठोकलाय. काउंटरच्या फळीखाली पोकळ खोकं बसवलंय, म्हणजे शिक्का पडला की धप्प असा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. भिंगरीचं वेडगळ उत्तर आलं की मी शिक्का वर उचलते आणि तसाच धरते. तोवर तिने हलायचं नाही, बोलायचं नाही. मग धप्प. त्याच क्षणी नवरा तिच्यावरचा दिवा घालवतो, माझ्या डोक्यावर 'नामंजूर' अशी लाल पाटी उजळते, आणि हॉल फुटतो.

शिक्का किती वेळ वर धरायचा हे कुठेही लिहिलेलं नाही. ते रोज मी ठरवते. माणसं हसण्याआधी श्वास आत घेतात. तो श्वास अर्धा आत गेला की शिक्का मारायचा. जरा आधी मारला तर हशा कच्चा निघतो, जरा उशीर झाला तर लोक सावध होतात. कुणी खोकत असेल, कुणी उशिरा येऊन खुर्ची सरकवत असेल, तर श्वासही लांबतो, मग मीही लांबवते. हे मला कुणी शिकवलं नाही. हशा भिंगरीच्या नावावर जमा होतो, होऊ दे, पण तो पिकवते मी. गर्व म्हणा हवं तर. आहे मला गर्व.

तर एक दिवस मालक एका चॅनेलवाल्याला घेऊन आला. पांढरे शुभ्र बूट घातलेला माणूस. पहिल्या रांगेत बसून त्याने खेळ बघितला आणि थेट आमच्या मेकअपच्या खोलीत शिरला. ती खोली केवढी, तर एक आरसा, दोन खुर्च्या, आणि पाहुणा आला की एकीने उठायचं. मी उठले. भिंगरी बसून राहिली.

"मॅडम, तुम्ही कमाल आहात," तो तिला म्हणाला. "दर आठवड्याला तुमचा कार्यक्रम करू." मग त्याला माझी आठवण झाली असावी. "समोर काय, कुणीही चालेल. आमच्याकडे एक नावाजलेली नटी आहे, तिला उभी करू. दिसायलाही बरी आहे."

मी तिथेच उभी होते, हातात शिक्का घेऊन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो पडला परका माणूस, त्याला काय बोलणार? मी भिंगरीकडे बघत होते. तिने माझ्या बाजूने एक शब्द काढावा, एवढीच माझी अपेक्षा होती. तिने कापसाने ओठांचा रंग पुसला, आरशात स्वतःला निरखलं आणि म्हणाली, "विचार करून सांगते."

आमची दोघींची दारं एकाच जिन्यावर, समोरासमोर. जेवायला ती आमच्याकडेच असते. त्या दिवशी मी ताटं जरा आपटूनच मांडली.

"विचार करून काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"वहिनी, राग मानू नकोस." भिंगरी दिवसभर दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारते, त्यामुळे हळू बोलणं तिला जमतच नाही. "पण खरं सांग, तुझं काम तसं कुणीही करेल. तू उभी तर असतेस."

"आणि तू बडबडतेस. तेही कुणीही करेल."

"मग कर की."

"मग तू राहा उभी."

नवरा पाण्याचा ग्लास घेऊन उठला. "मला दिवे बघू दे," तो म्हणाला.

"इथे कुठले दिवे?" मी म्हटलं. "बसा खाली."

तो बसला, आणि त्याच्यासमोरच सगळं रीतसर ठरलं. शुक्रवारी चॅनेलवाला पुन्हा येणार होता. त्या दिवशी अदलाबदल करायची. ती भिंत, मी भिंगरी. तिने भिंत निभावली, तर मी मुकाट्याने बाजूला व्हायचं, शिक्का स्वतःच्या हाताने त्या नटीला द्यायचा आणि पुन्हा रंगमंचावर पाय ठेवायचा नाही. तिला जमलं नाही, तर तिने चॅनेलवाल्याला तोंडावर सांगायचं की आम्ही दोघी, नाहीतर कुणीच नाही.

"नंतर रडायचं नाही हं," भिंगरी म्हणाली.

"रडण्याचं खातं तुझ्याकडे आहे," मी म्हटलं.

बोलून तर बसले, पण कामात लक्ष लागेना. मी दिवसा शिवणकाम करते. मशीनवर बसले की पाय आपोआप थांबायचे. तिला जमलं तर? संध्याकाळचा तो तासभर माझ्या हातून गेला, तर उरते कोण? लोकांच्या पँटच्या चेन बदलणारी बाई. त्या कामाची मला लाज नाही, पण चेन बदलताना कुणी श्वास रोखून धरत नाही. नवऱ्यालाही हे कळत होतं. तो मशीनला तेल घालून द्यायचा आणि निघून जायचा. तालीम करू या असं आम्हा दोघींपैकी एकीनेही म्हटलं नाही. जी म्हणाली असती तिचं नाक कापलं गेलं असतं.

शुक्रवारी मी तिचा ठिपक्यांचा अंगरखा चढवला आणि ती वाकडी टोपी घातली. तिने माझा राखाडी कोट घातला. बाह्या तिला लांब झाल्या. गळ्यापर्यंत बटणं लावून ती आरशात बघत म्हणाली, "यात तू श्वास कसा घेतेस?"

"मी दुसऱ्यांचा ऐकते," मी म्हटलं. तिला ते समजलं नाही, आणि मी समजावलं नाही.

पडदा सरकला. मी गिरकी घेत आत आले, काउंटरला धडकले आणि टोपी उडाली. लोक हसले. खोटं कशाला बोलू, मजा आली. पण दुसऱ्या गिरकीला दम लागला, तिसऱ्या वाक्याला शब्द पुढेमागे झाले आणि हशा निम्म्यावर आला. भिंगरीचं काम सोपं नाही, हे मला तेव्हाच कळून चुकलं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आणि ती? ती उभी होती. चक्क उभी होती. ओठ मिटलेले, मान ताठ, नजर समोर. ही जमवतेय, मला वाटलं. गेली तुझी जागा, बाई. मग मला टोपी उचलताना तिची भुवई दिसली. हळूच वर गेली. कोपऱ्यातून दोनचार जण खुसखुसले. भिंगरीला हशा ऐकू आला आणि तिने भुवई पुन्हा उडवली. मला असा संताप आला म्हणून सांगू. भिंतीने भुवई उडवली की लोकांना कुणाकडे बघावं कळत नाही. हशा दोघींत वाटला जातो आणि कुणाचंच पोट भरत नाही. पण चॅनेलवाला पहिल्या रांगेत खूश होऊन मान डोलवत होता. त्याला ते आवडत होतं. म्हणजे मी हरत होते.

"छत्रीचा रंग?" तिने विचारलं. हुबेहूब माझ्यासारखं, कोरडं.

"ओली असताना की कोरडी?" मी म्हटलं.

तिने शिक्का वर उचलला. मी जागच्या जागी थांबले. शिक्का पडेपर्यंत भिंगरीने हलायचं नाही, हा आमचा नियम, आणि आज भिंगरी मी होते. मला लोकांचा श्वास ऐकू आला. आत चालला होता. अर्धा गेला. आता, मी मनात म्हटलं. धप्प झालं नाही. श्वास पूर्ण आत गेला. तरी नाही.

मी तिच्याकडे बघितलं. मान किंचित कललेली, डोळे माझ्या उजव्या हातावर. हे डोळे मी ओळखते. काउंटरमागून रोज संध्याकाळी मी हेच डोळे बघत आलेय. ती शिक्क्याची वाट बघत होती. इतकी वर्षं या वाक्यानंतर तिचं सगळं अंग थिजतं आणि माझ्या हाताकडे बघत राहतं. आज शिक्का कुणाच्या हातात आहे हे डोक्याला ठाऊक होतं, अंगाला नव्हतं. वर माळ्यावर नवरा बटणावर बोट ठेवून बसला होता. तोही थांबला होता. आमचं सगळं घर एका धप्पची वाट बघत उभं होतं, आणि तो करणारं कुणी नव्हतं.

हॉलमध्ये पंख्याची घरघर तेवढी चालू होती. खाली दुकानात कुणाच्या तरी हातून डब्याचं झाकण पडलं आणि गोल गोल फिरत बसलं. पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मागे एक बाई हसली. भिंगरीच्या ओठावर घाम जमला होता. ओठ न हलवता, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, ती म्हणाली, "वहिनी, मार ना."

"शिक्का तुझ्या हातात आहे," मी म्हटलं.

विनोद म्हणून नाही म्हटलं. जे होतं ते म्हटलं. पण माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जायला सरावलेला, तो गेला. हॉल खदखदून हसला. भिंगरीने मान वर करून स्वतःच्या हाताकडे बघितलं. हरवलेला चष्मा आपल्याच डोक्यावर सापडावा तसा तिचा चेहरा झाला. आणि तरीही हात खाली येईना. लोक आणखी हसले. हात येईचना.

मग मी काउंटरवरून वाकले आणि तिचं मनगट धरलं. लगेच खाली आणलं नाही. लोक हसत होते, आणि हशा चालू असताना शिक्का मारणं म्हणजे मारलेला शिक्का फुकट घालवणं. मी ठिपक्यांचा अंगरखा घातला होता, टोपी वाकडी होती, दम लागला होता, पण कान माझेच होते. हशा ओसरला. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. श्वास आत जायला लागला. अर्धा गेला. मी तो हात खाली आणला.

धप्प. माळ्यावरून नवऱ्याने दिवा घालवला, 'नामंजूर' उजळलं आणि जो हशा आला तसा मी त्या हॉलमध्ये कधी ऐकला नव्हता. एक खुर्ची मोडली. चॅनेलवाल्याचे पांढरे बूट वर आणि तो मागच्या बाईच्या मांडीवर. कुणी डोळे पुसत होतं, कुणी शेजाऱ्याच्या पाठीवर बुक्के मारत होतं. मला मनापासून अभिमान वाटला. हे मी केलं, मी मनात म्हटलं, दुसऱ्याचा हात धरून केलं, पण मी केलं.

खेळ संपला की रोज भिंगरी पुढे जाऊन वाकते आणि मी मागे उभी असते. सवयीने ती दोन पावलं पुढे गेली. मग थबकली. परत आली, तिने माझा राखाडी कोट अंगातून काढला आणि सगळ्यांसमोर उलगडून धरला. मी बाह्यांत हात घातले. तिने माझ्या गळ्यापर्यंत बटणं लावली.

"जा पुढे," ती म्हणाली.

मी गेले. लोक टाळ्या वाजवत होते. वाकायचं कसं असतं मला माहीत नाही, कधी वाकलेच नव्हते. म्हणून मी नुसती उभी राहिले, ताठ, न हसता. ते पुन्हा हसायला लागले, मग उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी त्यांना वाजवू दिल्या.

चॅनेलवाला मेकअपच्या खोलीत आला, तेव्हा भिंगरीने एका खुर्चीवर मला बसवलं आणि दुसरीवर स्वतः बसली. त्यामुळे उभं राहायची पाळी त्याची होती.

"हेच हवंय," तो म्हणाला. "भिंत अडकते, समोरची येऊन हात धरते. दर आठवड्याला अगदी असंच करायचं."

"ते पुन्हा होणार नाही," भिंगरी म्हणाली. "ती माझी चूक होती. ठरवून नाही करता येत."

"बरं, मग आमची ती नटी..."

"हे बघा, आम्ही दोघी, नाहीतर कुणीच नाही. मी बडबडणार आणि ती उभी राहणार. तिच्या जागी कुणीही चालत नाही. मला नाही जमलं, तुमच्या नटीला काय जमणार?" ती नेहमीच्या आवाजात बोलली, म्हणजे खालच्या रंगाच्या दुकानातही ऐकू गेलं असणार. माझं बोलणं तिनेच बोलून टाकलं होतं.

त्याने विचार करून सांगतो म्हटलं. "सावकाश करा," मी म्हटलं. आठवडा संपायच्या आत त्याचा फोन आला, दोघींसाठी.

आता तुम्हाला वाटेल, सगळं गोडीगुलाबीने मिटलं. छे. घरी पोचून चप्पल काढायच्या आधीच भिंगरी म्हणाली, "काही म्हण वहिनी, तो हशा माझा होता. मी थांबले म्हणून आला."

"तू थांबली नाहीस, अडकलीस."

"अडकले तर अडकले. मी अडकले नसते तर तू कुणाचा हात धरला असतास?"

"आणि मी धरला नसता तर तू अजून तिथेच उभी असतीस."

"मनगट माझं होतं."

"वेळ माझी होती."

"दिवा मी घालवला," नवरा म्हणाला. आम्ही दोघींनी वळून त्याच्याकडे बघितलं. "मला दिवे बघू दे," तो म्हणाला आणि पुन्हा जिना उतरून गेला. हे भांडण अजून चालू आहे. आमच्या नावाची पाटी मात्र त्याने नवी रंगवून आणली, खालच्या दुकानातल्या उरलेल्या लाल रंगाने. भिंत अजून आधीच आहे. मी जवळ जाऊन खात्री करून घेतली.

पुढच्या खेळाला आम्ही आपापल्या जागी होतो. कोट माझ्या अंगावर, टोपी तिच्या डोक्यावर. मी विचारलं, "छत्रीचा रंग?" तिने उत्तर दिलं आणि थिजली. मी शिक्का उचलला. तिची पाठ लोकांकडे होती, डोळे माझ्या हातावर.

"वहिनी, मार ना," ती ओठ न हलवता पुटपुटली. चिडवत होती की खरंच म्हणत होती, कोण जाणे.

मी तिच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या रांगेत एका आजोबांना खोकला आला होता आणि ते तो तोंडावर रुमाल दाबून आवरत होते. मी त्यांना तो सावकाश आवरू दिला. सगळा हॉल माझ्या हाताकडे बघत होता, आणि माळ्यावर नवरा बटणावर बोट ठेवून बसला होता. मग मला वाटलं तेव्हा मी शिक्का मारला.